तंबाखूच्या ऑफिसात लेक जातेय, पाठवू का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी लग्न होऊन फिलिपिन्समध्ये आले त्याला आता १९ वर्षं झाली, इलोकोस सूर प्रांतात कँडोनच्या जवळ राहतो आम्ही, नवरा इथलाच इलोकानो. लेक ग्रेड १२ ला आहे, अकाउंट्स-बिझनेसचे विषय घेतलेत तिने. आता त्यांच्या शाळेचं वर्क इमर्शन, म्हणजे शाळेतर्फे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेणं, सुरू होणार आणि तिचं नाव लागलंय नॅशनल टोबॅको ॲडमिनिस्ट्रेशनच्या ब्रांच ऑफिसला, इथे सगळे एनटीए म्हणतात ते. ८० तास जायचंय. ती खूश आहे पण माझ्या मनाला काही पटत नाहीये. माझे सासरे फुप्फुसाच्या आजाराने गेले, शेवटची दोन वर्षं मीच त्यांचं सगळं केलं, त्यांचा तो रात्रीचा खोकला अजून कानात आहे. आयुष्यभर सिगारेट ओढली आणि आयुष्यभर तंबाखूच पिकवली. दीर अजून अर्धा हेक्टर लावतात. आणि आता माझीच पोरगी त्याच तंबाखूच्या ऑफिसात कामाला बसणार? शाळेला सांगून दुसरीकडे बदलून घेऊ का? आणि वय १७ आहे तिचं, शेतात बितात पाठवलं तर? संमतीचा फॉर्म अजून सही न करता कपाटात ठेवलाय. (एक आई)

उत्तर: पाठवा. नुसतं पाठवा म्हणून तुमची काळजी जाणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

आधी ऑफिसबद्दल. एनटीए सिगारेट बनवत नाही, विकत नाही. १९८७ मध्ये सरकारने खात्यांची फेररचना केली तेव्हा हे उभं राहिलं, शेती खात्याखाली येतं. कुणी किती लावलंय त्याची नोंद ठेवायची, बी-खताला मदत करायची, भट्ट्या सुधारायच्या, जळणासाठी झाडं लावून घ्यायची, पान विकत घेणाऱ्यांना परवाने द्यायचे आणि खरेदीच्या वेळी शेतकऱ्याच्या पानाला प्रत नीट लागतेय का बघायचं, ही त्यांची कामं. तुमचे दीर लावतात म्हणजे त्यांचंही नाव त्या ऑफिसातल्या कुठल्यातरी यादीत असणारच.

आता मी हे एवढं ठामपणे का सांगतेय, तर आम्ही दोघं लोस बान्योसला भाताच्या संशोधनात नोकरीला होतो, चांगली ९ वर्षं, आणि भात काढल्यावर शेतकरी त्याच जमिनीत काय घेतो हे बघायला आमचं इलोकोसला दरवर्षी जाणं व्हायचं. उत्तर गाठलं की भाताच्या खुंटांमधून तंबाखूची रोपं दिसायला लागायची. पावसाळा संपताना तरवा टाकायचा, नोव्हेंबर-डिसेंबरात लावण, फेब्रुवारीपासून खुडणी. तुमच्याकडे घराघरात चालतं ते, तुम्हाला मी काय सांगणार, पण लेकीला ऑफिसात त्याचा पुढचा भाग दिसणार आहे जो तुमच्या घरात कदाचित कुणीच कधी नीट बसून बघितला नसेल, तो म्हणजे भाव.

एक सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. मार्च महिना, एका खरेदी केंद्राबाहेर रांग, पान मऊ असावं म्हणून लोक पहाटे निघून आलेले, कारण ऊन चढलं की व्हर्जिनिया या तंबाखूच्या प्रकाराचं पान कुरकुरीत होतं आणि हात लागला की तुटतं. एक नवराबायको होते, गठ्ठे चारच. बाईचे तळहात काळे, तो तंबाखूचा चीक दोन-दोन दिवस जात नाही साबणाने. प्रत लावणाऱ्या माणसाने गठ्ठ्यातून मूठभर पानं ओढली, उजेडाकडे धरली, दोन बोटांनी चोळली, एक अक्षर बोलला, शेजारच्या पोराने लिहिलं. पुढचा गठ्ठा. पाचेक मिनिटांत चारही उरकले. त्या बाईने नवऱ्याकडे बघितलंच नाही, ती पुढे झाली आणि तिसऱ्या गठ्ठ्याच्या खालून एक पान काढून टेबलावर पसरलं, लिंबासारखं पिवळं, शिरेपर्यंत सारखं, एक डाग नाही, आणि शांतपणे म्हणाली हे बघून सांगा. तिथे सरकारी माणूस उभा होता, त्याने परत बघायला लावलं आणि त्या गठ्ठ्याची प्रत एक पायरी वर गेली. एका अक्षराचा फरक. पण व्हर्जिनियाला डबल ए पासून खाली ए, बी, सी करत रिजेक्टपर्यंत उतरंड असते, प्रत्येक अक्षराला वेगळा किमान भाव, आणि तो भाव दर दोन वर्षांनी शेतकरी, खरेदीदार आणि सरकार तिघं एकत्र बसून ठरवतात. मग किमान भाव कितीही चांगला ठरला तरी तुमच्या पानाला अक्षर कुठलं मिळतं त्यावरच सगळं, आणि अक्षर ठरतं त्या पाच मिनिटांत.

आणि त्या अक्षरामागे काय असतं तर भट्टीतल्या रात्री. पुगोन म्हणता ना तुम्ही लोक. पानं काठ्यांना ओवून वरपासून खालपर्यंत टांगायची, आधी ३५-४० अंशाच्या आसपास उबेत ठेवून पिवळी होऊ द्यायची, मग हळूहळू आच वाढवत पानाचं पातं सुकवायचं, शेवटी ७० च्या आसपास नेऊन मधली जाड शीर सुकवायची, असे सात-आठ दिवस लागू शकतात आणि तेवढे दिवस रात्री कुणीतरी उठून लाकडं सारायला लागतं. घाई केली की पान हिरवट राहूनच सुकतं, आच पडली की तपकिरी होतं. एका रात्री डोळा लागला की अक्षर खाली. तुमच्या घरात हे पन्नास वर्षं चाललं असेल, सासऱ्यांनी किती रात्री काढल्या असतील भट्टीपुढे. तुमच्या लेकीला हिशोबाचे विषय आहेत, तिने हा हिशोब शिकू नये असं मला तरी वाटत नाही.

आता वयाचं आणि शेताचं, इथे मात्र तुमची काळजी शंभर टक्के बरोबर आहे. वर्क इमर्शनचे नियम शिक्षण खात्याने २०१७ मध्ये काढलेत, ८० ते ३२० तास, आणि शाळा आणि ऑफिस यांच्यात लेखी करार असावा लागतो. १५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला ८ तास, आठवड्याला ४० तास यापेक्षा जास्त काम नाही, रात्री १० ते सकाळी ६ कामच नाही, आणि धोक्याचं काम तर अजिबात नाही, हे २००३ चा कायदाच म्हणतो. तर फॉर्म कपाटातून काढा, सही करायच्या आधी शाळेत जा, इमर्शनच्या टीचरना भेटा, करारात मुलीचं काम काय लिहिलंय ते वाचायला मागा, इन्शुरन्सचं काय ते विचारा. लाजू नका, आई म्हणून तो तुमचा हक्कच आहे. आणि एक गोष्ट तोंडी नाही, लिहून घ्या: ओली पानं खुडायला, ओवायला किंवा उचलायला तिला लावायचं नाही. तंबाखूच्या पानातलं निकोटीन ओल्या पानावरून कातडीतून थेट अंगात शिरतं, दवात किंवा पावसानंतर जास्तच, आणि मग मळमळ, उलट्या, डोकं गरगरणं, डोकेदुखी. लोक म्हणतात ऊन लागलं, आंबट काहीतरी खा आणि झोप. ऊन नसतं ते. तुमच्या दिरांनाही सांगा, लांब बाह्या, हातमोजे, दव वाळल्यावर खुडणी, आणि भिजलेले कपडे अंगावर वाळवायचे नाहीत. शेत बघायला ऑफिसच्या टेक्निशियनबरोबर गेली तर काही हरकत नाही, बांधावर उभं राहून बघायचं, वहीत लिहायचं.

सासऱ्यांचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. तुम्ही ज्या आजारात त्यांचं सगळं केलंत त्याचा राग तंबाखूवर आहे, तो असू दे, मी तुम्हाला तो सोडा म्हणणार नाही. पण दीर तंबाखू का लावतात ते एकदा त्यांच्याशेजारी बसून विचारा. मला जे उत्तर गावोगाव मिळालं ते असं की बाकी पिकाला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागतं, तंबाखूला आधीच करार, आधीच खत, आणि कोरड्या महिन्यांत कमी पाण्यावर येतं. म्हणून नुसतं सोडा म्हणून कुणी सोडत नाही, दुसरं काहीतरी तितकंच खात्रीचं हातात द्यावं लागतं. फिलिपिन्सने २००५ मध्ये मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारातही १७ वं कलम हेच सांगतं, की तंबाखू पिकवणाऱ्यांना पोट भरेल असा पर्याय द्या. तुमच्याच प्रांतात नार्वाकानला एनटीएने तंबाखू शेतकऱ्यांसाठी मांसप्रक्रियेचं केंद्र काढलं ते याच विचाराने, डुकरं पाळा आणि जोडउत्पन्न मिळवा. तिला म्हणावं जमलं तर ते बघायला मिळेल का विचार. आणि आजोबा कशाने गेले हे तिने तिथे लपवायचं काही कारण नाही, कुणी विचारलं तर सरळ सांगावं. त्या ऑफिसात काम करणाऱ्या निम्म्या लोकांच्या घरात असा एखादा आजोबा निघेल असं मला वाटतं.

*(हे उत्तर मी त्यांना तेव्हाच कळवलं होतं कारण इमर्शन अंकाची वाट बघणार नव्हतं. अंक तयार होतोय तोवर लेकीचंच पत्र आलं, तिच्या परवानगीने तेही घेतेय.)*

प्रश्न: मावशी, आईने सही केली, थँक्यू. पण आता नऊ दिवस झाले आणि मी फक्त नावं टाइप करतेय. शेतकऱ्यांचे फॉर्म येतात, मी ते कॉम्प्युटरमध्ये टाकते, झेरॉक्स काढते, फाइलला लावते, परत नावं. माझी मैत्रीण बँकेत गेलीय, ती रोज काहीतरी नवीन सांगते. सगळे चांगले वागतात, जेवायला बोलावतात, पण शिकण्यासारखं काही नाहीये. शेवटी पोर्टफोलिओ द्यायचाय, त्यात काय लिहू, मी ४०० नावं टाइप केली असं? (ग्रेड १२)

उत्तर: अगं हो, तसंच लिही, पण ४०० नावांमध्ये काय दिसलं ते लिही.

तुझ्याकडे नावाची पद्धत कशी आहे बघ, मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. एका बारांगायमध्ये, म्हणजे एका वाडी-वस्तीत, एकाच नावाआडनावाची तीन माणसं असतात, त्यातला एक ज्युनियर, आणि तिघांना वेगळं करणारी एकच गोष्ट ते मधलं नाव. घाईत कुणी ते गाळलं किंवा एक अक्षर चुकलं की ओळखपत्रावरचं नाव आणि यादीतलं नाव जुळत नाही. मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला बघितलंय, ऑफिस दुसरंच होतं आणि मदतही दुसऱ्याच पिकाची होती, त्यांचं मधलं नाव कुणीतरी चुकीचं टाकलेलं, तीन हेलपाटे घातले त्यांनी, दर वेळी जीपनीचं, म्हणजे प्रवासी जीपचं, भाडं, दर वेळी दिवस मोडला. तिसऱ्या वेळी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बाप्तिस्म्याचा दाखला काढला आणि तो टेबलावर सारखा करत बसले, कडा दुमडल्या होत्या त्या बोटाने सरळ करत होते. खिडकीतल्या मुलीने मान वर न करता सांगितलं पुढच्या महिन्यात या. तुझ्या जागेवर बसलेल्या कुणाच्या तरी हातून गेलेलं ते एक अक्षर होतं गं. म्हणून मला तुझ्या कामाला कंटाळवाणं म्हणवत नाही.

आता करायचं काय. उद्यापासून प्रत्येक फॉर्म टाकताना वाच. जमीन स्वतःची की खंडाने, किती हेक्टर, तंबाखू कुठल्या प्रकारची, व्हर्जिनिया की बर्ली की नेटिव्ह, मागच्या वर्षी किती किलो दिलं. शंभर फॉर्मनंतर तुला काहीतरी दिसायला लागेल, म्हणजे शेतकऱ्यांची वयं काय आहेत, किती जणांचं क्षेत्र तुझ्या काकांइतकंच आहे, किती जणी बाया स्वतःच्या नावावर आहेत आणि किती जणींचं नाव नुसतं नवऱ्याच्या खाली आहे. ते आकडे शेतकऱ्याचं नाव न घेता मांडता येतील का हे सुपरवायझरना विचार. हे मात्र नीट लक्षात ठेव, विचारल्याशिवाय नाही. लोकांची माहिती आहे ती, २०१२ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे तुमच्याकडे. फॉर्मचे मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत, यादी मैत्रिणीला दाखवायची नाही, आणि तुला ओळखीचं नाव दिसलं, अगदी काकांचं दिसलं, तरी घरी येऊन कर्ज किती मदत किती हे बोलायचं नाही.

मग एक फॉर्म धर आणि तो पुढे कुठे जातो ते विचारत जा. तुझ्या टेबलावरून कुणाकडे, तिथे काय तपासतात, सही कुणाची, शेतात खातरजमा करायला कोण जातं, खत शेतकऱ्याच्या दारात कधी पोचतं. एवढं एक चित्र काढून चार पानं लिहिलीस ना, तर तुझ्या मैत्रिणीच्या बँकेपेक्षा कमी भरणार नाही.

आणि सुपरवायझरना सरळ जाऊन सांग, मॅम, एक दिवस फील्डवर आणि एक दिवस खरेदी केंद्रावर जायला मिळेल का, टीचरची चिठ्ठी आणते. नऊ दिवस नीट काम केलेल्या मुलीला बहुतेक कुणी नाही म्हणत नाही. गेलीस की आधी नाईम्बाग आ बिगात, आपो (शुभ सकाळ), असं मोठ्यांना वाकून म्हण, तुझी इलोकानो आईपेक्षा चांगली असणार, ती वापर, ऑफिसातलं इंग्रजी तिथे काढू नकोस. प्रत लावणाऱ्याला विचार हे बी का आणि ते ए का, एकेक पान हातात घेऊन दाखवा म्हण. पानं कोरडी असतील तेवढीच हातात घे आणि नंतर हात धू. शिरेजवळ हिरवा पट्टा दिसला तर समज भट्टीत घाई झाली. संध्याकाळी घरी जाऊन काकांच्या भट्टीतलं पान बघ आणि आधी तूच अक्षर सांग, मग त्यांना विचार बरोबर का.

रोजच्या हजेरीच्या कागदावर सही रोजच्या रोज घेत जा, शेवटच्या दिवशी ८० तासांच्या सह्या गोळा करत फिरायची पाळी येते पोरांवर आणि सुपरवायझर नेमके रजेवर असतात.

प्रश्न: मी मनिलात नोकरी करतो, तुमचं सदर नेहमी वाचतो. एक कळत नाही, एकीकडे सरकार सिगारेटवर दरवर्षी टॅक्स वाढवतं आणि दुसरीकडे तंबाखू पिकवणाऱ्यांना मदत करतं, हे कसं काय? मग हे ऑफिस बंदच का करत नाहीत? (एक वाचक)

उत्तर: टॅक्सचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, २०१२ च्या कायद्याने मोठी वाढ झाली, मग २०१९ च्या कायद्याने पाकिटामागे २०२० ला ४५ पेसो, तिथून वर्षाला ५ ची वाढ करत २०२३ ला ६०, आणि त्यानंतर दरवर्षी ५ टक्के. लोकांनी ओढू नये म्हणून टॅक्स आहे आणि त्यातला मोठा वाटा आरोग्याकडे जातो, हे मला मनापासून योग्य वाटतं आणि अजून वाढावा असंच म्हणेन.

पण ऑफिस बंद केलं तर सिगारेट ओढणारा एकही माणूस कमी होणार नाही. शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामध्ये उभा असलेला माणूस तेवढा निघून जाईल, त्या टेबलापाशी मग ती बाई आणि प्रत लावणारा दोघंच उरतील. हे कसं होतं ते या देशाने बघितलेलं आहे. स्पेनच्या राज्यात गव्हर्नर बास्कोने तंबाखूची मक्तेदारी आणली, १७८२ पासून १८८२ पर्यंत तब्बल शंभर वर्षं, उत्तरेकडच्या कागायान खोऱ्यातल्या माणसाने ठरवून दिलेली रोपं लावायची, पान फक्त सरकारला द्यायचं, भाव सरकार म्हणेल तो, आणि पुढे पुढे तर पैशांऐवजी हातात पैसे नंतर देऊ अशा नुसत्या चिठ्ठ्या. पान पिकवणाऱ्याचं कुणी नसलं की काय होतं ते यात सगळं आलं.

मला खरी हरकत वेगळ्याच ठिकाणी आहे. १९९२ च्या एका कायद्याने, रिपब्लिक ॲक्ट ७१७१, देशात बनणाऱ्या व्हर्जिनिया सिगारेटच्या टॅक्समधला १५ टक्के वाटा व्हर्जिनिया पिकवणाऱ्या इलोकोस नोर्ते, इलोकोस सूर, ला युनियन आणि आब्रा या प्रांतांना मिळतो. तो शेतकऱ्याच्या हातात जात नाही, प्रांत आणि नगरपालिकांकडे जातो, आणि कायद्यात लिहिलंय सहकारी संस्था, जोडधंदे, शेतमालाचे उद्योग, शेतापासून बाजारापर्यंतचे रस्ते यासाठी. म्हणजे तंबाखू सोडून दुसरं काही करायचं तर त्यासाठी लागणारा पैसा आधीच आहे, तीस वर्षांहून जास्त काळ आहे. मग एवढ्या वर्षांनीही शेतकऱ्याला तंबाखूइतकं खात्रीचं दुसरं गिऱ्हाईक का नाही, हा प्रश्न एनटीएपेक्षा आधी नगरपालिकेला विचारायला हवा. तुमचा इलोकोसचा कुणी सहकारी असेल ना ऑफिसात, बहुतेक असेलच, त्याला सांगा गावी गेला की म्युनिसिपल हॉलमध्ये जाऊन या वर्षीच्या ७१७१ च्या पैशातून काय काय धरलंय ती यादी मागायची, आणि त्यात रस्ते किती आणि शेतकऱ्याच्या जोडधंद्याला किती ते मोजायचं. आणि यादी मिळाली की मला पाठवा, पुढच्या अंकात घेते.